‘विश्वासार्ह’ तक्रार : १८९७चा प्लेग, पुण्याची पत्रे आणि पक्षपाताचा प्रश्न

पुण्याच्या प्लेग समितीचा अहवाल वाचताना मी एका विशेषणापाशी थांबतो. शिपायांनी स्त्रियांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावला, अशी एकही ‘विश्वासार्ह’ तक्रार समितीकडे किंवा शिपायांच्या वरिष्ठांकडे आली नाही, याबद्दल वॉल्टर चार्ल्स रँड त्यात समाधान व्यक्त करतो. तक्रारी आल्या नाहीत, असे तो म्हणत नाही. विश्वासार्ह तक्रार आली नाही, असे म्हणतो. मग कोणती तक्रार विश्वासार्ह, कोणती नाही, हे ठरवले कोणी? अहवालाच्या दृष्टीने हा प्रश्नच उद्भवत नाही. वसाहतकाळातील वृत्तलेखनाचा विचार करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

त्या काळच्या पत्रांबद्दल बोलताना आपण सहसा दोन बाजू मांडतो. एका बाजूला सरकार आणि त्याची तळी उचलणारी अँग्लो-इंडियन पत्रे, दुसऱ्या बाजूला देशी पत्रे. पहिली साम्राज्याची पक्षपाती, दुसरी राष्ट्राची. ही मांडणी सोयीची आहे, पण तिने फारसे काही उलगडत नाही. माझे म्हणणे असे की, या काळातला खरा पक्षपात मतांत शोधू नये. मते उघड होती आणि ती लपवावीत असे कोणाला वाटतही नव्हते. पक्षपात होता तो साक्षीच्या मापात. कोणाचे बोलणे ‘बातमी’ म्हणून छापायचे आणि कोणाचे ‘आरोप’ म्हणून बाजूला सारायचे, हे माप सांगणाऱ्यापेक्षा आरोपी कोण आहे यावर बदलत असे. आणि या मापाच्या बाबतीत एकमेकांचे कट्टर विरोधकही कधीकधी सारखेच वागले.

घटनाक्रम थोडक्यात असा. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुढे पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख झालेला रँड त्याच महिन्यात पुण्यात आला, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत लष्करी शिपायांकरवी घरझडत्या चालल्या. रोगी इस्पितळात, घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत, सामान बाहेर किंवा जाळून. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला मरण पावला. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

या काळातला ‘केसरी’ सलग वाचला, तर प्रचलित समजुतीला धक्का बसतो. टिळकांचे पत्र आरंभापासून प्लेगच्या उपायांविरुद्ध नव्हते. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे, हे त्यांना मान्य होते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला. स्वतः पुण्यात राहून त्यांनी हिंदूंसाठी इस्पितळ चालवले आणि छावणीतल्या लोकांच्या जेवणाची सोय केली. म्हणजे ज्या पत्रावर पुढे लोकांना भडकवल्याचा ठपका आला, ते पत्र लोकांना न आवडणारी गोष्ट लोकांना सांगत होते. अशा पत्राने नंतर शिपायांच्या वागणुकीची तक्रार केली, तर ती अधिक वजनाने घ्यायला हवी. स्वतःच्या वाचकाच्या मर्जीविरुद्ध जाऊन एक गोष्ट सांगणारा माणूस दुसरी गोष्ट सांगतो, तेव्हा तिला निव्वळ कांगावा म्हणता येत नाही.

त्याच वेळी ‘केसरी’ची दृष्टी कोठे संपते, हेही दिसते. त्याच्या तक्रारीतले घर बहुधा विशिष्ट घर आहे. देवघरात बूट गेले, स्वयंपाकघर विटाळले, सोवळे मोडले, कुलीन स्त्रीला परपुरुषासमोर उभे राहावे लागले. हे दुःख खोटे नव्हते. पण ज्या घरात वेगळे देवघर नव्हते, एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि आजारी माणूस होते, त्या घराच्या झडतीचे वर्णन करायला ‘केसरी’कडे तितके शब्द नव्हते. कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिणारे ‘दीनबंधु’ होते. त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पुण्यातल्या झडत्या सुरू होण्याआधीच, मुंबईत प्लेगने गेले. सावित्रीबाई फुले १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. दुसऱ्या पुण्याचे दुःख शब्दांत मांडू शकतील अशी दोन माणसे साथीने ऐन आरंभीच नेली.

‘सुधारक’चे प्रकरण याहून बोलके आहे. आगरकरांनी १८८८ साली काढलेले हे पत्र म्हणजे ‘केसरी’चा जाहीर प्रतिपक्ष. आगरकर १८९५मध्ये गेले, तरी पत्राचा बाणा सुधारणावादीच राहिला होता. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली या दोन बाजूंत जे वाग्युद्ध झाले, त्याची कटुता अजून ताजी होती. तरीही प्लेगच्या झडत्यांबद्दल ‘सुधारक’चा सूर ‘केसरी’हून मवाळ नव्हता. एरवी एकमेकांची अक्षरे न खपणाऱ्या दोन पत्रांनी एकाच गोष्टीची तक्रार करावी, ही साधी बाब नव्हे.

तिसरा आवाज पंडिता रमाबाईंचा. त्यांचे शारदासदन तेव्हा पुण्यात होते. १८९३च्या सुमारास, सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात, ‘केसरी’ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. त्या ख्रिस्ती होत्या. मिशनरी आणि इंग्रज स्नेही हाच त्यांचा आधार होता. सरकारशी वाकडे घेण्यात त्यांचा काडीचा लाभ नव्हता, उलट तोटाच होता. अशा रमाबाईंनी मे १८९७मध्ये प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. ते ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात, त्यांच्या नावानिशी आले. त्यांनी कोणाचे नाव पुढे केले नाही की टोपणनावाचा आडोसा घेतला नाही. मुंबई सरकारने त्यातले आरोप नाकारले.

आता हे तीन आवाज शेजारी ठेवू. सनातनी वाचकाचे ‘केसरी’, त्याला पाण्यात पाहणारे ‘सुधारक’, आणि दोघांच्याही वर्तुळाबाहेरच्या ख्रिस्ती रमाबाई. कोर्टात तीन साक्षीदार असे उभे राहिले की ज्यांचे आपसांत पटत नाही, ज्यांचे हितसंबंध निरनिराळे आहेत आणि तरी ज्यांच्या सांगण्याचा रोख एक आहे, तर कोणताही न्यायाधीश ते गंभीरपणे घेईल. इथे उलटे झाले. प्रत्येकाचा पक्षपात दाखवून प्रत्येकाला वेगवेगळे बाद केले गेले. ‘केसरी’ राजद्रोही, म्हणून त्याची साक्ष नको. ‘सुधारक’ देशी, म्हणून अतिशयोक्तीचा. रमाबाई भावनाविवश बाई, म्हणून चुकीची माहिती मिळालेल्या. तिघांचे पक्षपात परस्परविरोधी असूनही निष्कर्ष जुळतो, याचा अर्थ काय, हे कोणी विचारले नाही. पक्षपाताचा आरोप हे सत्यशोधनाचे साधन असू शकते. इथे ते चौकशी टाळण्याचे साधन झाले.

एवढ्यावर थांबलो, तर हा लेख पुन्हा त्या जुन्या दोन बाजूंच्या मांडणीतच जाऊन पडेल. म्हणून दहा-बारा वर्षे मागे जाणे भाग आहे.

१८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीची पत्रे आली. बालविवाह आणि स्त्रीचे सक्तीचे परावलंबन हा त्यांचा विषय. लिहिणारी होती रखमाबाई, जिच्यावर दादाजी भिकाजी या तिच्या नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला परत आला आणि मार्च १८८७मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. तिच्याविरुद्ध टिळकांनी आणि त्यांच्या ‘मराठा’ने लेखणी चालवली. ‘केसरी’ची सूत्रे तेव्हा आगरकरांकडे होती आणि त्यांचे मत टिळकांच्या उलट होते. एकाच कचेरीतून निघणाऱ्या दोन पत्रांच्या धुरीणांत ही दुफळी पडली आणि १८८७च्या अखेरीस आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, त्यामागच्या मतभेदांत हाही एक होता.

ही दोन प्रकरणे एकमेकांसमोर धरली की चित्र स्पष्ट होते. १८८५मध्ये इंग्रजी पत्राला एका निनावी हिंदू स्त्रीची साक्ष पुरेशी वाटली, कारण आरोपी हिंदू रूढी होती. बारा वर्षांनी, आरोपी गोरा शिपाई असताना, नाव न सांगणाऱ्या स्त्रीची साक्ष त्याच वर्तुळाला साक्षच वाटेना. इकडे टिळकपक्षाला १८८७मध्ये स्वतःच्या नावाने कोर्टात उभ्या राहिलेल्या स्त्रीचे म्हणणे उद्धटपणाचे वाटले. १८९७मध्ये मात्र जिचे नावही ठाऊक नाही अशा स्त्रीच्या अब्रूसाठी त्याच पक्षाचा जीव तळमळला. दोन्ही ठिकाणी बोलणारी स्त्रीच आहे. बदलला तो फक्त आरोपी, आणि त्याबरोबर विश्वासार्हतेचे माप उलटले.

कोणी म्हणेल, ही तुलना टिळकांवर अन्याय करणारी आहे. कायद्याने समाजसुधारणा लादू नये ही त्यांची भूमिका होती आणि लष्करी झडत्यांनाही त्यांचा विरोध त्याच सूत्रातून आला, असे म्हणता येते. घराच्या उंबऱ्याच्या आत सरकारने येऊ नये, हे ते सूत्र. मला हे मान्य आहे. टिळकांच्या विचारात विसंगती नव्हती. पण मी विचाराच्या सुसंगतीबद्दल बोलत नाही, साक्षीच्या वजनाबद्दल बोलतो आहे. उंबऱ्याच्या आत कोणी येऊ नये असे म्हणणाऱ्याने आत राहणाऱ्या व्यक्तीचे ऐकून तरी घ्यायला हवे होते. ते रखमाबाईच्या वेळी झाले नाही.

आता सरकार ही पत्रे कशी वाचत होते ते पाहू, कारण त्याचा संबंध आजच्या संशोधकाशी येतो. १८६८पासून मुंबई इलाख्यात देशी पत्रांवरचे गोपनीय साप्ताहिक अहवाल तयार होत. भाषांतरखात्यातली माणसे पत्रे वाचत, त्यांतला मजकूर निवडत, त्याचा इंग्रजी गोषवारा करत आणि विषयवार परिच्छेद मांडून वरिष्ठांकडे पाठवत. सोबत पत्रांची यादी असे. पत्र कोठून निघते, खप किती, संपादकाचे नाव काय, वय काय आणि जात कोणती, असे त्यात रकाने. मजकुराच्या आधी जात आणि वय वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावे, ही व्यवस्था पुरेशी बोलकी आहे. लेखकाची जात कळली की मजकुराचा हेतू कळला, असे त्यात गृहीत होते.

या गोषवाऱ्यांत सर्वांत आधी हरवतो तो सूर. ‘केसरी’ची भाषा प्रश्न विचारणारी, टोमणे मारणारी, म्हणी-दृष्टान्तांतून बोलणारी होती. रँडच्या खुनानंतर पुण्यावर दहशत बसवली गेली, तेव्हा जुलै १८९७मध्ये ‘केसरी’ने सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा प्रश्न मथळ्यातच विचारला. मराठी वाचक हा प्रश्न घरातल्या हट्टी वडीलधाऱ्यालाही विचारतो. त्यात राग आहे, तसा समजावणीचा भावही आहे. याचे सरळ इंग्रजी केले की राग तेवढा उरतो. उपरोध हा गोषवाऱ्यात विधान होतो, दृष्टान्त हा चिथावणी होतो.

याची परीक्षा कोर्टात झाली. सप्टेंबर १८९७च्या खटल्यात टिळकांवर आरोप झडत्यांच्या बातम्यांबद्दल नव्हता. १५ जूनच्या अंकातली ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातल्या व्याख्यानांचा वृत्तान्त यांवर तो होता. म्हणजे ज्या मजकुराची खरे-खोटेपणाने शहानिशा करता आली असती, तो बाजूला राहिला. ज्याचा अर्थ लावावा लागतो, तो आरोपपत्रात आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, कायद्यातली ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मूळ मराठी शब्द बहुसंख्य ज्यूरीपर्यंत भाषांतरातूनच पोचले. १९०८च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतः बचाव केला, तेव्हा सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी हा त्यांच्या बचावाचा मोठा भाग होता. त्यांना अनुभवाने कळले होते की, आपल्यावरचा खटला आपण लिहिलेल्या लेखावर चाललेला नाही, त्याच्या भाषांतरावर चालला आहे.

इथे १८३२चे ‘दर्पण’ आठवते. बाळशास्त्री जांभेकरांच्या त्या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत असे. राज्यकर्ता आणि प्रजा एकच पान वाचू शकत आणि भाषांतराची जबाबदारी संपादकाची असे. साठ-पासष्ट वर्षांत ती संपादकाच्या हातून सरकारी कचेरीत गेली. टिळकपक्षाने मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ चालवून ती काही अंशी परत मिळवण्याचा प्रयत्न केला. पण सरकारला ‘केसरी’ काय म्हणतो हे ‘मराठा’कडून ऐकायचे नव्हते.

या सगळ्या प्रकरणाचा कस लागतो तो दोन माफीपत्रांत. गोपाळ कृष्ण गोखले १८९७मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे जात होती. त्यांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईत उतरले. माहिती देणाऱ्यांपैकी कोणी पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि ऑगस्टच्या आरंभी ती प्रसिद्ध झाली. स्वकीयांत त्यांची नाचक्की झाली आणि पुढे कितीतरी वर्षे ती त्यांना बोचत राहिली.

दुसरे माफीपत्र १८९९ सालचे. रँडच्या खुनामागे टिळकांचा हात असल्याचे सूचित करणारा मजकूर लंडनच्या ‘ग्लोब’ने छापला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तो उद्धृत केला. टिळकांनी बेअब्रूची फिर्याद लावली. पत्राने माफी मागितली.

दोन्ही ठिकाणी सिद्ध न करता आलेला आरोप मागे घेतला गेला. पण दोन्ही माफ्यांचे पुढे काय झाले, ते वेगळे आहे. गोखल्यांच्या माफीचा अर्थ, शिपायांवरचे सगळेच आरोप खोटे होते, असा लावला गेला. एका आरोपाचा पुरावा मिळाला नाही, म्हणून सगळ्या तक्रारी रद्द झाल्या. इंग्रजी पत्राच्या माफीचा अर्थ मात्र एवढाच की एक मजकूर चुकला. त्यावरून अँग्लो-इंडियन पत्रांचे टिळकांविषयीचे सगळे लेखन अविश्वसनीय ठरले नाही. देशी माणसाची एक चूक त्याच्या सगळ्या समाजाच्या साक्षीला चिकटते, आणि सत्तेजवळच्याची चूक त्या एका ओळीपुरती राहते. सत्तेचा पक्षपात मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो या हिशेबात.

आणि गोखल्यांना साक्षीदार का मिळाले नाहीत? बातमी खोटी होती, हे एक उत्तर असू शकते. साथीच्या दिवसांत अफवांना ऊत येतो, हे विसरून चालणार नाही. पण दुसरे उत्तरही तितकेच संभवनीय आहे. अशी तक्रार नावानिशी करणे म्हणजे त्या काळच्या समाजात स्त्रीने स्वतःला कायमचे मिटवून घेणे होते. त्यात भर अशी की, झडत्यांविरुद्ध तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना १८२७च्या जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत ठेवले होते. रँडच्या अहवालातली ‘विश्वासार्ह’ तक्रार येण्यासाठी सरकारी दहशत आणि घरची अब्रू अशा दोन भिंती ओलांडाव्या लागत होत्या. पहिली सरकारने उभारली होती. दुसरी उभारण्यात आपल्या पत्रांचाही हात होता. रखमाबाईची जी संभावना झाली, ती पाहिलेली कोणती स्त्री दहा वर्षांनी पुढे येणार होती?

म्हणून हे जुने लेखन वाचताना मी काही पथ्ये पाळतो. इंग्रजी गोषवारा हाती आला तर तो पुरावा म्हणून उद्धृत करण्याआधी मूळ मराठी अंक उघडतो. आपल्या विद्यापीठांतून होणाऱ्या कित्येक अभ्यासांत ‘केसरी म्हणतो’ असे लिहिलेले असते आणि खाली आधार सरकारी अहवालाचा असतो. तिथे ‘केसरी’ बोलत नसतो, भाषांतरखाते बोलत असते. दुसरे, लेखकाचा पक्ष कळला म्हणजे काम संपले, असे मी मानत नाही. आपल्या पक्षाच्या सोयीविरुद्ध तो कोठे बोलतो, तिथे थांबतो. विलगीकरण मान्य करणारे टिळक आणि सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या ख्रिस्ती रमाबाई, या दोन ठिकाणी १८९७चे सत्य मला सर्वांत जवळ वाटते. तिसरे, सगळ्या बाजू ऐकल्या असे वाटले की जिच्यावरून वाद चालला ती व्यक्ती स्वतः कोठे बोलते का, हे पाहतो.

१८९७च्या प्लेगबद्दल शेकडो पाने लिहिली गेली. त्यांत कमिशनर आहेत, कर्नल आहेत, संपादक, वकील, न्यायाधीश आणि खुनीही आहेत. प्रत्येकाचे नाव, बाजू आणि मत आपल्याला ठाऊक आहे. गोखल्यांनी उल्लेखलेल्या त्या दोन स्त्रिया होत्या की नव्हत्या, हे मात्र त्या पानांवरून ठरवता येत नाही. हा कागदपत्रांचा योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही. त्या बोलू शकणार नाहीत अशी व्यवस्था दोन्ही बाजूंनी मिळून केली होती.